याडीची गाडी

हिंगोलीत लग्नपत्रिका घाईनं छापून हवी असेल तर रत्नपालच्या दुकानात जाऊ नये, असं लोक हसत हसत सांगतात. दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. काम स्वच्छ, भाव रास्त, वेळ मात्र विचारू नका. कारण हा माणूस प्रश्न फार विचारतो. "तुमी 'पुजा' लिहून दिलंय, उकार ऱ्हस्वच ठेवायचा ना?" "आजोबांचं नाव 'ग्यानबा' आहे, तसंच छापायचं ना?" गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, तुमी शिकलेले मानसं. तुमाला बराबर वाटंल तसं करा की." हे वाक्य कानावर पडलं की रत्नपालचे हात कीबोर्डवरून उचलले जातात. "माझ्या वाटण्यावर नको," तो म्हणतो, "तुमच्या घरात कसं म्हणतात ते सांगा."

लोक म्हणतात, डोक्यानं जरा सरकलेला आहे. म्हणोत बापडे. हे दुकान काढण्याआधी एक काळ असा होता की हाच रत्नपाल कुणाला काही विचारत नव्हता. तो काळ आठवला की त्याला अजूनही घास गिळवत नाही.

रत्नपाल मूळचा शिरड शहापूरचा. वडील अमृतराव शाळेत शिपाई, आई रुक्माबाई लोकांच्या शेतात जायची. पोरगं हुशार निघालं, बारावीनंतर औरंगाबादला कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला लागलं, सरकारी वसतिगृहात राहिलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका स्नेहसंमेलनात त्याला माइकवर सूचना वाचायला उभं केलं. सूचना साधी होती. उद्या वसतिगृहाचा पाणीपुरवठा बंद राहील. रत्नपालनं ती खणखणीत आवाजात 'पानीपुरवठा' अशी वाचली. मागच्या रांगेतून कुणीतरी "पानी!" म्हणून ओरडलं, मग अख्खं सभागृह "पानी, पानी" करत बाकं बडवू लागलं. त्या हसण्यात गाव होतं तशी जातही होती, आणि कुठलं किती होतं हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस तो वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकटाच पुटपुटायचा: पाणी, लोणी, कोणी, आणि. जीभ टाळ्याला लावून लावून दुखायची.

जीभ सुधारली. एवढी सुधारली की सुट्टीत घरी आल्यावर त्यानं आईलाच धरलं. "आई, पानी नाही, पाणी." रुक्माबाईनं एकदोनदा म्हणून पाहिलं, मग ती त्याच्या मित्रांसमोर बोलायचीच बंद झाली, नुसता तांब्या पुढं करायची. अमृतराव एकदा जेवताना म्हणाले, "आमी बोलतो ते काय खोटं हाय का रे?" रत्नपाल भाकरी मोडत राहिला. त्याला वाटलं, यांना काय कळतंय.

पुढं हिंगोलीत एका सायबर कॅफेत तो मॅनेजर म्हणून लागला. मालक नांदेडला, त्यामुळं राज्य रत्नपालचं. कॅफेत येणारी पोरं ईमेल वगैरे नावाला करायची. खरी गर्दी असायची ती खेळांना. मोटारींच्या शर्यती, बंदुका, किल्ले. अडलं की पोरं रत्नपालला हाका मारायची, कारण खेळात अडकलेल्याला वाट दाखवणारं जे काही नेटवर होतं ते सगळं इंग्रजीत. मग त्याच्या डोक्यात आलं की आपणच मराठीत लिहू. फुकट मिळणाऱ्या जागेवर त्यानं स्वतःची वेबसाइट उभी केली आणि नाव ठेवलं 'खेळगडी'. कुठल्या खेळात कुठला दरवाजा कसा उघडायचा, कुठल्या वळणावर ब्रेक दाबायचा, हे सगळं शुद्ध मराठीत सांगणारी वेबसाइट. दोन हजार चार-पाचच्या सुमारास हिंगोलीत बसून असं काही करणं म्हणजे कौतुकाचीच गोष्ट होती, ते कबूल केलं पाहिजे.

पण शुद्ध या शब्दापाशी गडी अडकला. मजकूर चार पानांचा, आणि नियमांचं पान त्याहून लांब. 'लेखनाचे नियम' अशा मथळ्याखाली त्यानं ठरवून टाकलं की 'लेव्हल' लिहायचं नाही, 'पातळी' लिहायचं. 'दुश्मन' नको, 'शत्रू'. 'जान' नको, 'जीव'. 'बराबर' नको, 'बरोबर'. 'न्हाई', 'व्हय', 'काहून' यांना तर दारातसुद्धा उभं करायचं नाही. कॅफेत पोरं "अबे दुश्मन आला, मार, मार" म्हणून खुर्च्यांवरून उड्या मारायची आणि त्याच खेळाबद्दल 'खेळगडी'वर लिहिलेलं असायचं: 'या पातळीवर शत्रूचे आगमन होते.' आगमन! जसा काही शत्रू सत्कारालाच येणार होता.

देविदास या पोरांमधलाच, वयानं जरा मोठा. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा, नाक्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा. ट्यूब आणायला हिंगोलीत आला की कॅफेत बसायचा आणि मोटारींच्या शर्यतीत सगळ्यांना मागं टाकायचा. रत्नपालनंच त्याला गळ घातली, "तू लिही ना रे खेळगडीसाठी." देविदास लाजला, मग एका बोटानं टाइप करत बसला. बोटं टायरच्या रबरानं काळी असायची. तो उठून गेला की रत्नपाल फडक्यानं कीबोर्ड पुसायचा आणि मग त्याचा मजकूर पुसायला बसायचा.

देविदासनं लिहिलेलं असायचं: 'डावीकडं वळू नको, तिकडं खड्डा हाय. म्या त्याच्यात लई बार मेलो. मेलो तरी हसू येतंय, कारन गाडी बेडकावानी उलटी पडते.' रत्नपाल त्याचं करायचा: 'डावीकडे वळू नये. तेथे खड्डा आहे. खड्ड्यात गेल्यास गाडी उलटते.' बेडूक गेला, हसू गेलं, मेलेला देविदासही गेला. मजकूर सेव्ह केला की मूळ लिहिलेलं त्याच फाइलमध्ये गडप व्हायचं. देविदास पान उघडायचा, खाली स्वतःचं नाव बघायचा आणि खूश व्हायचा. "भारी केलं तुमी," म्हणायचा. खरंच भारी वाटायचं की नाही, हे रत्नपालनं कधी विचारलं नाही.

मग देविदासनं शर्यतीच्या खेळावर मोठा लेख लिहिला. सगळी वळणं, सगळे पूल, कुठं वेग धरायचा, कुठं सोडायचा. शेवटी तीन ओळी होत्या: 'वळनावर दम धरायचा. हे मला याडीनं शिकवलं. याडीवानी दुसरं कोनी न्हाई.'

रत्नपाल हसला. सगळा लेख गाड्यांचा, आणि गडी ऐन शेवटाला चुकला, तेही दोनदा. त्यानं लिहिलं: 'वळणावर संयम ठेवावा. हे मला गाडीने शिकवले. गाडीसारखे दुसरे कोणी नाही.' वाक्य त्याला आवडलंसुद्धा. वाहनावर प्रेम करणारा मेकॅनिक, झकास शेवट! एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नियमांच्या पानावर त्याला ताजं उदाहरण हवंच होतं. तिथं त्यानं भर घातली: 'घाईत लिहू नये, लिहिलेले पुन्हा वाचावे. उदा. याडी ✗, गाडी ✓.'

नियमांचं पान एरवी कुणी वाचत नव्हतं. हे मात्र पोरांनी नेमकं वाचलं. देविदास पुढच्या वेळी कॅफेत आला तेव्हा एकानं आरोळी ठोकली, "याडी न्हाई रे देव्या, गाडी!" दुसऱ्यानं तोंडानं हॉर्न वाजवला. सगळे हसले. रत्नपालही हसला, मोठ्यानं नाही, पण हसला. देविदास पडद्याकडे बघत राहिला. त्यानं पान खालपर्यंत सरकवलं, शेवटच्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग "ट्यूब घ्यायच्या राहिल्या" म्हणून उठला. जाताना त्यानं स्वतःच्या शर्टाच्या टोकानं कीबोर्ड पुसला. त्यानंतर तो कॅफेत आला नाही. रत्नपालला वाटलं, धंद्यात गुंतला असेल.

असेच बरेच दिवस गेले, आणि एका बाजाराच्या दिवशी कॅफेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. वय झालेलं, ताठ, हातात बाजाराची पिशवी. चपला बाहेर काढू की नको या विचारात होती. कॅफे रिकामाच होता. रत्नपाल म्हणाला, "मावशी, कोण पाहिजे?"

"खेळगडीवाला तूच का?"

"हो, मीच."

"म्या देविदासची याडी," ती म्हणाली. "रूपाबाई."

रत्नपाल खुर्चीतून अर्धा उठला होता, तसाच राहिला. शब्द त्यानं ऐकला होता. आधीही ऐकला असणार, बसस्टँडवर, बाजारात, तांड्यावरची पोरं आपल्या आईला हाक मारताना. शिरडपासून हिंगोलीपर्यंत आयुष्य काढलेल्या माणसानं तो ऐकलाच नसेल असं कसं होईल? कानावरून गेला होता, एवढंच. आपल्याला कळायची गरज नाही अशा शब्दांमध्ये तो जमा झाला होता.

"पोरगं लई दिवसापासून सांगून राहिलं व्हतं," रूपाबाई म्हणाली, "का कॉम्पुटरवर माज्याबद्दल लिवलंय. आज बाजारला आले तर म्हनलं ऐकून जावं. मला काय वाचता येत न्हाई. तेवढं वाचून दाखव, बाबा. तकलीफ देते तुला."

"तकलीफ कसली," रत्नपाल म्हणाला. त्यानं तिला खुर्ची दिली, पान उघडलं, सावकाश खाली सरकवत नेलं. तिथं त्याचीच तीन वाक्यं त्याची वाट बघत होती. गाडीने. गाडीसारखे. बाई पडद्याकडे अशा नजरेनं बघत होती की जणू तिथून कुणी बोलणारच आहे.

खरं सांगायला तेवढाच क्षण होता. त्यानं तो घालवला. तो वाचू लागला, "वळणावर संयम ठेवावा. हे मला याडीने शिकवले. याडीसारखे दुसरे कोणी नाही."

रूपाबाई हसली. हसताना पदर तोंडाला लावला. "बैलगाडी हाकताना सांगायची मी त्याला," ती म्हणाली. "मागं बसून बैलाला हाकारायचं लेकरू. उताराला वळन आलं का म्हनायची, दम धर, बैलाला घाई करू नको. ध्यानात ठेवलं की त्यानं! पोरानं नाव काढलं म्हनायचं." मग तिचा चेहरा एकदम बदलला. "मंग असं खोटं काहून बोलला तो?"

"काय बोलला?"

"म्हनला, तिथल्या मानसानं तुला गाडी केली. याडीच्या जागी गाडी लिवलं, आन् पोरं हसतेत. लिवायचंच सोडलं त्यानं. जेवताना बोलायचा न्हाई. मी म्हनलं, जाऊन बघावं तर खरं. आन् इथं तर बराबर लिवलंय!" तिनं कपाळाला हात लावला. "उगं तुज्यासारख्या चांगल्या मानसाला नावं ठेवली पोरानं. घरी गेल्यावर बघतेच त्याला. तू मनावर घेऊ नको, बाबा."

आणि तिनं पिशवीतून पेरू काढले, टेबलावर ठेवले, निघून गेली.

रत्नपाल बसून राहिला. एक चूक त्यानं नकळत केली होती. दुसरी मात्र डोळे उघडे ठेवून केली होती, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. पहिलीनं देविदासची थट्टा झाली. दुसरीनं तो आईच्या नजरेत खोटारडा ठरला. सभागृहात हसणारी पोरं तरी काय वेगळं करत होती? ती परकी होती, त्याला ओळखतही नव्हती. यानं तर देविदासला स्वतः बोलावून लिहायला बसवलं होतं. मग रत्नपालनं दोन्ही जागी 'गाडी'चं 'याडी' केलं, नियमांचं पानच पुसून टाकलं, आणि तरी काहीच झालं नाही. पेरू टेबलावरच राहिले. त्याची हात लावायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वाशिमकडं जाणाऱ्या गाडीत बसून कनेरगाव नाक्यावर उतरला. देविदास दुकानासमोर उकिडवा बसून ट्यूब पाण्याच्या टपात दाबत होता, बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

"याडी कुठाय?" रत्नपालनं विचारलं.

"तांड्यावर. काहून?"

"तिला सांगायचंय. मी खोटं वाचलं."

देविदासनं ट्यूब टपात सोडली, हात पुसले, काही न बोलता पुढं चालू लागला. वाटेत एवढंच म्हणाला, "काल लई बोलली मला. म्हनली, शिकल्या-सवरल्या मानसाला खोटं पाडतो व्हय रे. मी म्हनलं, याडी, मी माज्या डोळ्यानं बघितलं. तर म्हनली, तुजे डोळे खोटे."

रूपाबाई घरासमोर शेंगा निवडत होती. रत्नपाल तिच्यासमोर उभा राहिला. वाटभर घोटलेली वाक्यं तोंडाशी आली आणि तिथंच थिजली.

"मावशी, तुमचा देविदास खोटं बोलला न्हाई," तो म्हणाला. "तिथं गाडीच लिवलं व्हतं. म्याच केलं व्हतं. तुमाला वाचताना म्या बदलून वाचलं."

किती वर्षांनी त्याच्या तोंडातून 'न्हाई' निघालं होतं, त्याचं त्यालाही कळलं नाही. रूपाबाईनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"बदलून काहून वाचलं?"

"लाज वाटली."

"मंग ती लाज माज्या पोराच्या अंगावर काहून टाकली?"

रत्नपालची मान खाली गेली. बाई मुलाकडं वळली आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली, हळू, लांबलचक. रत्नपालला त्यातला एकच शब्द कळला असता, पण तो शब्द त्यात आलाच नाही. देविदासनं मान हलवली. मग तिनं आत जाऊन तांब्या आणला आणि रत्नपालपुढं धरला. "पानी पी," ती म्हणाली. तो उभ्यानंच प्यायला. रुक्माबाईचा मुका तांब्या त्याला आठवला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

परत नाक्याकडं येताना तो देविदासला म्हणाला, "आता याडी केलंय तिथं. नियमबी काढून टाकले. तू परत लिव. जसं लिवशील तसं ठेवीन, काना-मात्रा बदलणार न्हाई."

"माजं पहिलं लिवलेलं हाय का तुज्याकडं?" देविदासनं विचारलं. आजवर तो त्याला 'तुमी' म्हणत होता.

रत्नपाल थांबला. "न्हाई. त्याच्यावरच लिवायचो मी."

"एकबी?"

"एकबी न्हाई."

देविदास टपापाशी बसला. ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. "मंग तिथं माजं काय हाय? याडी तेवढी माजी. बाकी सगळं तुजंच की. 'संयम' म्हने! मला त्याचा अर्थबी दुसऱ्याला इचारावा लागला."

"तू पुन्यांदा लिव ना. मी बसतो सोबत."

"लिवलं ते लिवलं. बेडूक दोनदा सुचत न्हाई," देविदास म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर रत्नपालला बरं वाटलं असतं. "एक काम कर. माजं नाव काढ तिथून."

रत्नपालनं काढलं. त्याच दुपारी, कॅफेत परत आल्या आल्या. सगळ्या लेखांखालचं काढलं आणि या लेखाखालचं सगळ्यात शेवटी. त्या जागी स्वतःचं नाव घालायची त्याची छाती झाली नाही. लेख तसाच बिननावाचा राहिला. खाली 'याडीसारखे दुसरे कोणी नाही' एवढी ओळ होती, आणि ती कुणाच्या आईबद्दल लिहिली आहे हे वाचणाऱ्याला कळायला आता काहीच मार्ग नव्हता.